टाय कवा मिळणार?

शेतकीची पदविका घेऊन मी नारायणगावात एका सॉस बनवणाऱ्या कंपनीत लागलो. शेतकऱ्यांकडून टोमॅटो मिळवून द्यायचे, हे माझं काम. साहेब पुण्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शेतकरी मेळाव्याला टाय लावून यायचं."

डिंभे धरणाखालच्या आमच्या गावात तोवर टाय फक्त टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या गळ्यात पाहिलेला. मी बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदार शेठ जैन, आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं घराणं. त्यांनी एक मरून टाय स्वतःच्या गळ्यात घालून तीनदा गाठ मारली, दोनदा सोडली, मग जमलेली गाठ तशीच सैल करून डोक्यावरून काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"गाठ सोडू नका," शेठ म्हणाले. "परत जमेल याची मला खात्री नाही."

मेळावा नेमका आमच्याच गावात ठरला. गर्दी जमावी म्हणून कंपनीने त्याच दिवशी शाळेच्या मैदानावर क्रिकेटची फायनल ठेवली होती, आमचं गाव विरुद्ध शेजारचं. सामना चालू असतानाच एका बाजूला मांडवात भाषणं. फेब्रुवारीतल्या उन्हात मी गळा आवळून स्टेजवर बसलो होतो.

साहेब माइकवर म्हणाले, "यंदा आम्ही शेतकऱ्यांबरोबर टाय-अप करणार आहोत. ज्यांना टाय-अप हवाय, त्यांनी यांच्याकडे नावं द्यावीत." आणि माझ्याकडे बोट केलं. सगळा मांडव माझ्या गळ्याकडे बघायला लागला.

बघता बघता रांग लागली. साहेब खूश. मीही खूश होतो, रांगेत माझे थोरले चुलते दिसेपर्यंत. त्यांनी जन्मात भाताशिवाय काही लावलं नव्हतं.

"तात्या, तुमी?"

"का? आमाला गळा न्हाई व्हय?"

हळू आवाजात मी सांगितलं, "तात्या, टाय-अप म्हंजे करार. टोमॅटो तुमी पिकवायचा, कंपनी घेणार."

"आन् टाय?"

"टाय न्हाई मिळत."

"मग तुला कसा दिला?"

तेवढ्यात मैदानावर आरडाओरडा झाला. शेवटच्या चेंडूवर आमचा गडी रनआउट, दोन्ही गावांच्या धावा सारख्या. लाउडस्पीकर खरखरला, "मॅच टाय! मॅच टाय!"

"बघ," तात्या गरजले, "तिकडं वाटायला लागले! अन् मला सांगतो न्हाई मिळत!"

अर्धी रांग मैदानाकडे पळाली. तिथं दोन्ही कॅप्टन एकाच कपाचा एकेक कान धरून उभे होते आणि साहेब मधे उभे राहून "प्लीज, प्लीज" करत होते. मी धापा टाकत माइक घेतला आणि मॅच टाय म्हणजे बरोबरी, टाय-अप म्हणजे करार, आणि हा माझ्या गळ्यातला निव्वळ कापडाचा तुकडा, असं जाहीरपणे समजावलं. मग आधी तात्याच हसले आणि पाठोपाठ मैदान हसलं. कप सहा-सहा महिने दोन्ही गावांत ठेवायचा, असं तात्यांनीच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन मी दारोदार फिरलो. बहुतेकांनी हसत हसत नाव काढायला लावलं. तात्यांच्या दारात मी आपणहून पेन काढलं.

"खोडू नगं," ते म्हणाले. "चारचौघांत नाव दिलंय. आता लावतो टोमॅटो."

लावला. कालव्याच्या पाण्यावर अर्धा एकर. रोज सकाळी सरीतून फिरायचे आणि एकेका रोपापाशी थांबायचे. जूनमध्ये टोमॅटोचा पहिला तोडा घेऊन ते जीपमधून नारायणगावला आले. धोतर परीटघडीचं, एक क्रेट मांडीवर. आमचा हमाल क्रेट उचलायला गेला, तर त्यांनी त्याचा हात धरला.

"हळू, राव," तात्या म्हणाले. "माझा पहिलाच माल हाय."