सतरंजीवरचा अकॉर्डियन

अकॉर्डियन म्हणजे सिनेमातल्या पार्टीच्या गाण्यातलं वाद्य, असं आजही कुणी माझ्यासमोर म्हणालं ना, की माझं डोकं फिरतं. वय झालं, गुडघे गेले, पण हा राग काही गेला नाही. आमच्या नाशकात हा वाद आम्ही कित्येक रविवार घातला आणि तो कसा मिटला ते मी पाहिलंय. पाहिलंय कसलं, मीच होते त्यात.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. रविवारी सकाळी भाजी घेऊन झाली की आम्ही गाण्याची वेडी माणसं तिथं जमायचो. दुकानदाराला सगळे रेडिओवाले म्हणायचे. दुसरे एक पोस्टातले कारकून होते, त्यांना आम्ही उगाचच पोस्टमास्तर करून टाकलं होतं. आणि मी, नगरपालिकेच्या शाळेतली मास्तरीण. बाईमाणूस दुकानात बसून पुरुषांशी गाण्यावर हुज्जत घालते म्हणून बोळातल्या बायका नाकं मुरडायच्या. मुरडू देत. पिशवीतली मेथी बाजूला ठेवून मी स्टूल ओढायची आणि बसायची.

आमचा एक नियम होता. रेडिओवर गाणं लागलं की कुणी चकार शब्द काढायचा नाही. अकॉर्डियनचा सूर आला की बोट वर करायचं. चुकून पेटीला किंवा क्लॅरिनेटला बोट वर केलं, तर पुढचं गाणं आणि त्यावरची चर्चा संपेपर्यंत त्या माणसाच्या तोंडाला कुलूप. गप्प बसायची शिक्षा आम्हा लोकांना फार जड जायची. पोस्टमास्तर तर अक्षरशः लाल व्हायचे.

गाणं संपलं की भांडण सुरू. रेडिओवाल्यांचं म्हणणं, अकॉर्डियन कुठेही चालतो, भावगीतात चालतो, कोळीगीतात तर नाचतो. पोस्टमास्तर म्हणायचे, "सिनेमात काय घालायचं ते घाला. पण लावणीत, पोवाड्यात, आपल्या वस्तीतल्या गाण्यात अकॉर्डियन म्हणजे नऊवारीवर गॉगल!"

"आणि पेटी?" मी म्हणायची. "पेटी काय तुमच्या आजोबांनी जोंधळ्याबरोबर पेरली होती? तीसुद्धा साहेबाच्या बोटीतूनच आली. तिला घरात घेतलीत ना? मग तिच्या बहिणीनं काय घोडं मारलंय?"

"बाई, तुमच्याकडे तो आहे म्हणून तुम्ही बोलता," पोस्टमास्तर म्हणायचे. ते मात्र खरं होतं.

माझा अकॉर्डियन वडिलांनी आणला होता. देवळालीला कॅम्पात राहणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई घर आवरून परदेशी मुलाकडे निघाल्या होत्या, त्यांच्याकडचा. जायच्या आधी त्यांनी मला बोटं कशी टाकायची, भाता कसा ओढायचा, ते शिकवलं. बाकीचं मी माझं शिकले. वडील कारखान्यात कामगार, हात तेलकट, पण तरुणपणी एका शाहिरांच्या पार्टीत झील धरायचे, म्हणजे मागून साथीला गायचे. पोरीच्या गळ्यात हे काय लोढणं अडकवलं म्हणून सगळी वसाहत त्यांना हसली होती. ते कुणाला काही बोलले नाहीत. मी शाळेत प्रार्थनेला वाजवू लागले, कवायतीला वाजवू लागले, तेव्हा ते एकदा फाटकाबाहेर उभं राहून ऐकून गेले. घरी आल्यावर म्हणाले, "चांगलं वाजवतेस. पण आपल्या गाण्याला कधी वाजवशील?"

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मला सिनेमाचा ऑर्केस्ट्रा नको होता. मला आमच्या वसाहतीत, एप्रिलातल्या जयंतीला, विहारासमोरच्या स्टेजवर, वडिलांच्या त्याच शाहिरांच्या पार्टीत वाजवायचं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत.

शाहीर सिन्नरकडचे. म्हातारे झाले होते, पण आवाज असा की माइक नसला तरी चालेल. त्या वर्षी माघात ते आपला बिघडलेला अँप्लिफायर घेऊन नेमके रविवारीच दुकानात आले. रेडिओवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी विषय काढला. शाहिरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या बापाला मी वळखतो, पोरी. चांगला झीलकरी व्हता. पन ह्ये वाद्य आमच्यात नको." अँप्लिफायर ठेवला आणि गेले.

बस्स. नको म्हणजे नको. कारण नाही, काही नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता आम्ही पडलो कानाची माणसं. आमच्या तिघांच्याही डोक्यात एकच आलं की शाहिरांना याचा सूर खटकतो. अकॉर्डियनचा सूर जरा थरथरतो, कारण एका पट्टीला आत दोन जिभा बोलतात आणि त्या एकमेकींशी किंचित फटकून असतात. सिनेमात ती थरथर गोड लागते. मग काय, पुढचे रविवार तेच. रेडिओ बंद, आणि मी दुकानात अकॉर्डियन घेऊन. एकच जीभ बोलेल असं बटण दाबून वाजवलं. डाव्या हाताचे सूर बंद करून वाजवलं. आणि गंमत बघा, नऊवारीवर गॉगल म्हणणारे पोस्टमास्तर आता स्वतः मांडीवर ठेका धरून पोवाड्याच्या चाली गाऊन दाखवत होते. "बाई, इथं सूर लांबवू नका, तोडा! असं! हां, आता झाला मराठी!" भाजीवाल्या पाट्या खाली ठेवून ऐकायला थांबायच्या.

तयारी झाल्यावर आम्ही तिघं एसटीनं सिन्नरला गेलो. अकॉर्डियन माझ्या मांडीवर. शाहिरांनी घरात घेतलं, पाणी दिलं. मी वाजवायला खुर्ची मागितली, त्यांच्या सुनेनं शेजारून आणून दिली. शाहीर खाली सतरंजीवर बसले, डोळे मिटले. मी त्यांच्याच पार्टीची जुनी चाल धरली. दुसऱ्या कडव्याला ते स्वतःच गायला लागले. पोस्टमास्तरांनी माझ्याकडे बघून हळूच मूठ आवळली. झालं, जिंकलो, असं मला वाटलं.

गाणं संपल्यावर शाहिरांनी डोळे पुसले. "सूर चोख हाय."

"मग?" मी म्हटलं. "मग नको का म्हणालात?"

"सुराचं मी कवा बोललो?" त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "माझा बाप लोकांच्या दारात गायचा. ऐकनारे वर वट्यावर, बाप खाली धुळीत. मी पार्टी काढली तवा एकच ठरवलं. एक सतरंजी, तिच्यावर समदे. गानारा, ढोलकीवाला, झीलकरी, कुनी कुनापेक्षा बोटभर वर नाय. आता तू खुर्चीवर बसनार, नायतर हुबी ऱ्हानार. तुझा दोष नाय, पोरी. वाद्यच तसं हाय. पन माझ्या पार्टीत कुनी वर, कुनी खाली, ह्ये माझ्यानं बघवायचं नाय."

इतके रविवार सुराचा कीस काढला, आणि खुर्ची एकालाही दिसली नाही! मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट अभिमान वाटला, खरं सांगते. अशा माणसाच्या मागं माझे वडील गात होते.

"मी खाली बसून वाजवेन," मी म्हटलं.

"वाजंल?"

"वाजवून दाखवते." आणि खुर्चीवरून उतरून मांडी घालून बसले. भाता ओढला तो डाव्या गुडघ्यावर आपटला आणि अकॉर्डियन केविलवाणा ओरडला. शाहिरांच्या सुनेला हसू आवरेना. पण शाहीर हसले नाहीत. म्हणाले, "जयंतीला ये. वाजलं तर वाजलं."

पुढचे दिवस घरात नुसता धुमाकूळ. मांडी घालून जमेना. आई म्हणाली, "दळायला बसतात तसं बस, एक पाय लांब, एक मुडपून." तसं बसल्यावर भाता अगदी मोकळा चालला. पण मग लक्षात आलं, स्टेजवर तो लांब केलेला पाय समोर बसलेल्या अख्ख्या वसाहतीकडे जाणार. ते कसं चालेल? शेवटी दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसले. वाजत होतं, पण भाता अर्धाच उघडायचा, सूर मधेच तुटायचा. वडील दारात बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, "दम लागल्यासारखा वाजतोय गं." मला रडू आलं. "लागू दे दम," मी म्हटलं, "पण सतरंजीवरच वाजवणार."

रविवारच्या मंडळीत या म्हणून मी वडिलांना किती वेळा म्हटलं असेन. ते कधी आले नाहीत. बोट वर करायचा आमचा नियम ऐकून ते हसायचे. "सूर कानाला कळतो. त्याला बोट कशाला?"

जयंतीची संध्याकाळ. विहारासमोर फळ्यांचं स्टेज, निळ्या पताका, पोरासोरांची धावपळ. लांबलचक सतरंजी अंथरलेली. शाहीर मधे, शेजारी ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी, आणि टोकाला मी, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, पाय मुडपून. पहिल्या रांगेत वडील. त्यांच्या बाजूला पोस्टमास्तर. रेडिओवाले माइकपाशी.

पहिलं गाणं सुरू झालं. मी सूर धरला आणि पोस्टमास्तरांनी बोट वर केलं. रेडिओवाल्यांनीही केलं. पण व्हायचं तेच झालं. भाता मांडीला घासत होता, पदर त्यात अडकत होता, शाहिरांची तान लांब आणि माझा सूर निम्म्यात संपलेला. मागच्या बाजूला कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी घामानं भिजले. वडिलांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

गाणं संपलं. शाहिरांनी हात वर करून पार्टीला थांबवलं आणि माझ्याकडे वळले. झालं, आता उठवतात मला, इतक्या लोकांसमोर. पण ते माइकमध्ये म्हणाले, "ह्या पोरीनं आपल्या सतरंजीसाठी पाय मोडून घेतलं. आता आपन तिच्यासाठी काय करनार?"

शाहिरांनी ढोलकीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हुंकार देत उठून उभे राहिले. "पार्टी, उठा. समदे उठा. आज हुबं ऱ्हाऊन गायचं."

ढोलकीवाल्यानं ढोलकी कमरेला बांधली. पेटीवाल्यानं उपरण्यानं पेटी गळ्यात अडकवली. झीलकरी उठले. रेडिओवाले धावत स्टेजवर आले आणि माइकचा दांडा वर ओढायला लागले, तो काही केल्या निघेना, तर शाहीर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो, माइक कुनाला पायजे!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या. शाहिरांनी आमच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हाय का कुनी वर? हाय का कुनी खाली?"

"नाय!" झीलकरी ओरडले.

"मग धर सूर, पोरी."

मी धरला. भाता पहिल्यांदाच पुरता उघडला, हात पोचेल तिथपर्यंत. ढोलकीवर थाप पडली, शाहिरांची तान निघाली, आणि माझा सूर शेवटपर्यंत तिच्याबरोबर गेला. मागं हसणारा आता टाळ्यांचा ठेका धरत होता. वसाहतीतल्या बायका उभ्या राहिल्या. ज्यांनी माझ्या वडिलांना हसून घेतलं होतं, ती सगळी तोंडं मला समोर दिसत होती, आणि मी त्यांच्याकडे बघून वाजवत होते. एवढा अभिमान मला पुन्हा कधी कशाचा वाटला नाही, नोकरीचा नाही, घराचा नाही.

नंतर शाहिरांची पार्टी उभीच राहून गायला लागली. ऐंशीच्या दशकात घोटीपासून सिन्नरपर्यंत कितीतरी स्टेजवर मी त्यांच्या रांगेत उभी होते. सतरंजी मात्र ते प्रत्येक वेळी अंथरायला लावायचे, आणि आम्ही सगळे तिच्यावरच उभे राहायचो. पोस्टमास्तर हा वाद आपणच जिंकल्याचं शेवटपर्यंत सांगत राहिले.

पण त्या संध्याकाळी, दुसऱ्या कडव्याला, मी धीर करून पहिल्या रांगेकडे बघितलं. पोस्टमास्तर रडत होते, बोटबिट सगळं विसरून. त्यांच्या शेजारी माझे वडील ताठ बसले होते. त्यांचं तेलानं काळं पडलेलं बोट वर होतं. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, तरी त्यांनी ते खाली घेतलं नाही.