दुसऱ्याच्या रश्श्यात आमची चटणी

हॉटेलात शिरल्यावर लोक आधी बसायला जागा बघतात, मी कढई बघतो. तेल काळं पडलंय का, वडे आत्ताचे आहेत की सकाळचे, कटावरचा तवंग मिरचीचा आहे की रंगाच्या पुडीचा, हे सगळं माझं बसायच्या आत बघून झालेलं असतं. तवंग जरा जास्तच लाल दिसला तर रुमालाचा कोपरा त्यात बुडवून धरतो. रंग असला तर धुतल्यावर जात नाही. माझ्या एकाही रुमालाचे चारही कोपरे पांढरे नाहीत, असं बायको पाहुण्यांसमोर सांगते.

कोल्हापुरात राहून असं वागणं शोभत नाही, हे मला कळतं. इथं लोक भांडून वाढतात. रस्सा संपायच्या आत पळी येते, नको म्हटलं तरी येते. आणि कुणी फुकट काही वाढायला लागलं की मला वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय.

तरीही माझं निम्मं आयुष्य बाहेर खाण्यात गेलं. मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो. सकाळची आणि संध्याकाळची बॅच यांच्यात दुपार मोकळी असते आणि खिसा बेताचा, त्यामुळे स्वस्त आणि पोटभर अशा जागा मी शहरभर हेरून ठेवल्यात. स्टँडमागं एक दावणगेऱ्याचा माणूस लोणी डोसा करतो. त्याचं लोणी डालडा असणार म्हणून मी वर्षभर त्याच्या डब्यावर डोळा ठेवला होता. शेवटी त्यानंच डबा माझ्या नाकाशी धरला आणि कानडीत काहीतरी बोलला. ते कौतुक नव्हतं, एवढं मला कळलं. मशिदीजवळच्या बोळात एक चाचा खिमा-पराठा देतात. खिम्याबद्दल मी इतके प्रश्न विचारले की त्यांनी एके दिवशी हाताला धरून मला खाटकाच्या दुकानात नेलं आणि म्हणाले, "अब आँखों से देख लो मास्तर, फिर चुपचाप खाओ." दूध कट्ट्यावर तर म्हैस डोळ्यांसमोर पिळतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तिथं संशयाला जागाच नाही. तरी मी गवळ्याला आधी चरवी उपडी करून दाखवायला लावतो.

ही खोड मला आईकडून आली. आई शिरोळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचा जगावर विश्वास आहे, पण मिरचीच्या डंकावर नाही. डंक म्हणजे गिरणीतलं मिरच्या कुटायचं यंत्र. उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, तेव्हा आई डंकाजवळ पदर नाकाला लावून उभी राहायची. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण ती हलायची नाही. आधीच्या बाईची चटणी उखळात चिकटून राहिलेली असते, ती आपल्यात मिसळली तर वर्ष वाया गेलं, असं तिचं म्हणणं. ती गिरणीवाल्याला फडक्यानं उखळ दोनदा पुसायला लावायची. ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, खोबरं, लवंग, दगडफूल किती, ही मापं ती एकटी घ्यायची. त्या वेळी आम्हाला सगळ्यांना बाहेर सोप्यात बसवायची.

तयार चटणी चिनी मातीच्या मोठ्या बरणीत जायची. वर हिंगाचे खडे, त्यावर फडकं, दोरा. दर रविवारी बरणी उघडून आठवड्यापुरती चटणी डब्यात काढली जायची.

आता आईनं पंचाहत्तरी ओलांडली. तिचा उजवा हात थरथरतो. तराजूचा काटा स्थिर होईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिला सरळच विचारलं, "आई, हिला मापं सांगून ठेव ना. तुझ्यानंतर काय?"

"बघू की," ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

मला तिचा राग आला. माझी बायको जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची मुलगी. पंचवीस वर्षं या घरात राबली, पण चटणीच्या मापाला तिला कुणी जवळ केलं नाही. ती कधी काही बोलली नाही, म्हणून मला जास्तच वाईट वाटायचं. आईबरोबर ही चटणी जाणार, घरात तिचा वासही उरणार नाही, या विचारानं मला खरोखर भीती वाटायची. बापाची जमीन गेली तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला क्लासच्या मागच्या गल्लीत एक नवी खानावळ दिसली. चार बाकं, एक पंखा, स्वयंपाकघराला पडदा. बाई निपाणीच्या पलीकडची, कानडी बोलणारी, चाळिशीची. बुधवारी तांबडा रस्सा असायचा. मी नेहमीप्रमाणे वाटी उजेडात धरून बघितली. तवंग बरा होता. भुरका घेतला आणि माझा हात थांबला.

आधी भाजलं खोबरं, मग लवंगेची बारीक चुणूक, आणि घास गिळून झाल्यावर कानामागून चढत येणारा तिखटपणा. हा क्रम मला लहानपणापासून पाठ आहे. ही आमच्या घरची चटणी होती.

"बाई, चटणी कुठून आणता?" मी विचारलं.

"घरचीच की, अण्णा."

"कुणाच्या घरची?"

ती हसली आणि माझ्या वाटीत आणखी रस्सा ओतला. "घ्या की, गार व्हाय लागलाय." उत्तर न देता जो रस्सा वाढतो, त्याच्या मनात काहीतरी आहे, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

घरी काही बोललो नाही. संशयितांची यादी मात्र डोक्यात तयार झाली. एक, भांड्याला येणाऱ्या मावशी. दोन, गिरणीवाला, कारण कुटताना चार मुठी बाजूला सरकवणं त्याच्या हातचं काम. तिसरं नाव लिहायला आजही लाज वाटते. तिसरी माझी बायको. पंचवीस वर्षं डावललेल्या बाईनं सूड म्हणून बरणी बाहेर पोचवली, तर नवल काय?

मग मी बरणीवर पहारा ठेवला. आई दुपारी आडवी झाली की फडकं सोडायचो आणि हिंगाचे तीन खडे त्रिकोणात मांडायचो. गणिताचा मास्तर, दुसरं काय सुचणार! तीन आठवडे त्रिकोण जागचा हलला नाही, रविवारी आई चटणी काढायची तेवढाच. म्हणजे चोरी घरातून होत नव्हती. मावशी सुटल्या, बायकोही सुटली. मला हायसं वाटण्याऐवजी चुटपुट लागली, हेही कबूल करायला हवं.

राहिला गिरणीवाला. त्याच्याकडे गेलो आणि फार आडून न विचारता म्हटलं, "आमच्या चटणीचा वास दुसऱ्याच्या ताटाला येतोय."

तो पिठानं पांढरे झालेले हात झटकत म्हणाला, "येणारच की सर! तुमच्या आईच घिऊन आलत्या त्या खानावळीच्या बाईस्नी. दोघी शेजारी हुब्या हुत्या. तिच्या मिरच्या कुटतानाबी मला उखळ दोनदा पुसाय लावलं. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

मला माहीत नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी आई भजनाला म्हणून जायची. बायको तिला रिक्षात बसवून द्यायची. भजनाहून परतलेल्या बाईच्या पदराला बुक्क्याचा, उदबत्तीचा वास यावा. हिच्या पदराला भाजल्या मिरचीचा यायचा, आणि घरातली बरणी राखणाऱ्या या हेराला तो कधी जाणवला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

पुढच्या शुक्रवारी मी तडक खानावळीत गेलो आणि पडदा बाजूला केला. आई पाटावर बसली होती. समोर तराजू, बाजूला सुपात लवंगा. खानावळीची बाई कढईत खोबरं परतत होती आणि आई तिला सांगत होती, "आजून भाज. कच्चं र्‍हायलं की खवट हुतंय. तांबूस हुईस्तोर हलीव."

"आई, हे काय चाललंय?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भजन," ती म्हणाली.

मी भडकलो. बाहेर लोक जेवताहेत हे विसरून मोठ्यानं बोललो. सुनेला पंचवीस वर्षं मापाजवळ फिरकू दिलं नाहीस, आणि ही कुठली कोण, हिला घरचं सगळं उघडं करून दिलंस? खानावळीच्या बाईनं कढई खाली उतरवली. "अण्णा, अव्वाला बोलू नका," ती म्हणाली. "मला येत न्हवतं. गिरणीत माझ्या मिरच्या बघून अव्वाच म्हणाल्या, असं कुटलंस तर गिऱ्हाईक पळंल. तुमाला नको असंल तर मी ही चटणी बंद करतो."

"तू भाज गं," आई तिला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वरडू नगंस. लोकं जेवत्यात. पिकतं तितं इकत न्हाय, म्हणत्यात त्ये खोटं न्हाय. घरात घ्याया कोण हाय? हात थरथराय लागला, आता कुणाच्या तरी पदरात टाकाय पायजेच की. मी दिलं न्हाय का तिनं घेतलं न्हाय, त्ये जाऊन तुझ्या बायकूला इचार."

मी चालत घरी आलो. रिक्षा करायचं भानच राहिलं नाही. बायको ताटात तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "आईनं तुला चटणीची मापं कधी सांगितली होती?"

तिनं मान वर केली नाही. "लग्नानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात. मला शेजारी बसवलं होतं त्यांनी. मीच उठले."

"का?"

"त्याच आठवड्यात तुम्ही आमटीत बोट बुडवून चाटलंत आणि म्हणालात, 'आज आईनं केलेली दिसत नाही.' वाटी बाजूला सारलीत. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. असं मी एकदा म्हटलं होतं की शंभरदा, तेही सांगता येणार नव्हतं.

"ती आमटी आईंनीच केली होती," ती म्हणाली. "मी फक्त वाढली."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आई सांगणार होत्या तुम्हाला. मीच नको म्हणून खुणावलं. तेव्हाच ठरवलं, ही चटणी आपण करायची नाही. आमटी एका दिवसात संपते हो. चटणी वर्षभर असते. वर्षभर रोज दोन वेळा ते कोण ऐकून घेणार?"

तांदळातला एक खडा तिनं बाजूला टाकला. मला वाटलं, रडेल. पण तिचं रडणं कधीच होऊन गेलं असावं, माझ्या पाठीमागं, याच घरात. मला माझ्या जिभेची लाज वाटली. जन्मभर या जिभेवर मी मिजास मारली. चाचांचा खिमा, दावणगेऱ्याचं लोणी, सगळ्यांना हिच्या जोरावर आरोपी केलं. आणि आईच्या हातची आमटी बायकोच्या हातून पानात आली, तर ही जीभ आईलाही ओळखू शकली नाही.

हिवाळाभर मी काही सुचवलं नाही. होळीनंतर मिरच्या बाजारात आल्या, तेव्हा बायकोला म्हटलं, "यंदा तू कर." तिनं आधी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं अट घातली. मी मापाजवळ यायचं नाही, डंकाजवळ उभं राहायचं नाही, वास घ्यायचा नाही, आणि पानावर बसल्यावर आईचं नाव काढायचं नाही. मी कबूल झालो. आईनं ऐकलं आणि नुसतं "हं" म्हणाली, पण त्या दिवशी तिनं दुपारी झोप घेतली नाही. तराजू काढून पुसत बसली.

मापं झाली तेव्हा मी सोप्यात होतो. गिरणीत मी मिरच्यांचं पोतं पोचवलं आणि रस्त्यावर उभा राहिलो. आई खुर्चीत बसली होती. बायको पदर नाकाला लावून डंकाजवळ उभी होती, आणि गिरणीवाल्याला ती काहीतरी म्हणाली. त्यानं फडकं घेऊन दुसऱ्यांदा उखळ पुसलं. खानावळीची बाईही आपल्या मिरच्या घेऊन आली होती. तिनं मला बघून मान हलवली.

दोन दिवसांनी नव्या चटणीचा रस्सा झाला. दोघी माझ्यासमोर बसल्या, त्यांनी स्वतःला वाढूनही घेतलं नव्हतं. मी वाटी उजेडात धरली नाही. भाकरी मोडली, बुडवली, खाल्ली. खोबरं आलं, लवंग आली, मग कानामागचं तिखट आलं. लवंग आईच्यापेक्षा किंचित पुढं होती, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक. मला ती आवडली. मनापासून आवडली.

"फार चांगली झालीय," मी म्हणालो.

बायकोनं आईकडे बघितलं. "खरं बोलतायत का हो आई?"

"कुणाला ठावं," आई म्हणाली. "आणि एक भाकरी मागतोय का बघ."

मी भाकरी मागितली. रस्साही मागितला, तो संपवला आणि हात धुवायला उठलो. मागं वळून बघितलं तर बायकोनं माझी वाटी उचलली होती आणि ती उपडी करून बघत होती.