घमेलेभर माती

नांदुऱ्याहून घाट चढून आलेल्या बसच्या वाहकाने मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात सांगितले, "मास्तर, नाना गेले जी." का कोण जाणे, त्या क्षणी डोळ्यांपुढे नानांचा चेहरा आला नाही, हवेत तरंगणारा कापूस आला. सरकी काढणाऱ्या जिनांतून उडालेली ती पांढरी तुसे हिवाळ्याच्या दुपारी कबड्डीच्या मैदानावर उतरत आणि नाना अनवाणी उभे राहून त्यांच्याकडे पाहत... ती बातमी येऊन आता महिना होत आला. लिहिण्याची मला सवय नाही. या वयात प्रथमच हे धाडस करतो आहे.

नाना धान्याचे अडते. ज्वारीची मूठ दाबून, डोळे मिटून तिचा कस सांगण्याची त्यांची सवय मैदानावरही सुटत नसे. तेथे ते माती तशीच मुठीत धरीत. नांदुऱ्याच्या त्यांच्या कबड्डी मंडळाचा एक रिवाज होता. हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक गावाच्या संघाने आपल्या शिवारातली घमेलेभर माती आणून मैदानात मिसळायची. जळगाव जामोदकडची मंडळी नाल्याकाठची भुरकट, रेताड माती आणीत, पूर्णेकाठची काळीभोर. ज्याची माती मैदानात, त्याला कोणी अडवायचे नाही. मी तेथे गुणलेखक होतो. खेळात कधी उतरलो नाही. उतरत्या उन्हात ते रंग एकमेकांत हरवताना पाहणे, एवढाच माझा खेळ.

पुढे मुंबईच्या कंपन्यांच्या संघांची साखळी स्पर्धा वऱ्हाडात आणण्याचे जिल्हा संघटनेने ठरवले. नोकरीवर ठेवलेले नामांकित खेळाडू, भोवती कनात, दाराशी तिकिटे. स्पर्धा साधली तर ती दरवर्षी येथेच भरणार आणि पक्की गॅलरी बांधली जाणार. गावोगावच्या मंडळांचे अनुदान मात्र तिच्याकडे वळणार होते. मला ते पटले होते. चांगला खेळ पाहिल्याखेरीज मुले चांगली खेळणार कशी, असे मी विचारले, तेव्हा नाना म्हणाले, "पाह्यतीन ना, मास्तर. पन खेळतीन कुठी? गॅलरीत?" तरी संघटनेतले पदाधिकारी म्हणून आपल्या मैदानावर यजमानपद त्यांनी पत्करले. ते खेळाडू पाहण्याची हौस त्यांनाही होतीच.

त्या दुपारी मी दाराशी तिकिटे घेत असताना समोर बैलगाड्या येऊन थांबल्या. उतरणाऱ्या प्रत्येक संघाच्या पुढच्या गड्याच्या डोक्यावर घमेले. मैदानावर खेळ आहे, म्हणजे हंगाम सुरू झाला, असे गावांनी धरले होते. संघटनेच्या चिटणीसांनी हात आडवा केला आणि तिकीट मागितले.

"हे काय आनलं ना जी," एक गडी म्हणाला. "तुमचं तिकीट याच्याहून जड हाये काय?"

मागे हशा पिकला. नाना बाहेर आले. यांना असेच सोडले तर स्पर्धा पुन्हा येथे येणार नाही, असे चिटणीसांनी त्यांना स्पष्ट बजावले.  नानांनी घमेल्यातली मूठभर माती उचलली, दाबली, डोळे मिटले... "ओल चांगली हाये बे," असे त्या गड्याला म्हणून ते कनातीच्या दोऱ्या सोडू लागले. कनात सावकाश खाली बसली, पाण्यावर पाखरू उतरावे तशी. मुंबईचा एक उंच खेळाडू सामना सोडून आला आणि काही न विचारता त्याने घमेल्याला हात दिला.

पुढच्या वर्षी स्पर्धा दुसऱ्या शहरी गेली. तिच्यामागे अनुदानही गेले आणि नानांचे पदही. मैदान मात्र राहिले. नाना ते आपल्या अडतीच्या जोरावर राखत आले. त्यांनी केले ते योग्य होते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एकदा चाचरतच मी विषय काढला, तेव्हा ते हसले. "गॅलरी मलेबी पायजे होती, मास्तर." इतकेच. आणि पुन्हा कापसाकडे पाहत राहिले...

परवा त्यांच्या अडतीवर गेलो होतो. गादी रिकामी होती. हंगामाला अजून अवकाश आहे. पण भेटीला आलेली गावे रिकाम्या हातांनी आली नव्हती. ओसरीवर भिंतीशी घमेली ओळीने मांडलेली होती, भुरकट, तांबूस, काळी. वर गोणपाट झाकलेला. घरची मंडळी त्यावर रोज पाणी शिंपडतात, असे कळले. कोणी पाहत नाही असे बघून मी गोणपाट जरा सारला, एक मूठ भरली, दाबली आणि डोळे मिटले.

ओल चांगली होती.