घोरपडे मॅडमची किल्ली

"म्याडम, माझ्या पोराचा रिपोर्ट माझ्या आदी दूध डेअरीवर कसा पोचला, तेवडं सांगा."

आनंदराव आण्णा माझ्या टेबलासमोर उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वाईजवळच्या गावातले शेतकरी, त्याआधी पंधरा वर्षं फौजेत. पहाटेची एसटी धरून ते सांगलीला आले होते. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

विश्रामबागेत आमची पॅथॉलॉजी लॅब होती. रक्त-लघवी तपासायची. मी तिथली कॉम्प्युटर इन-चार्ज. इन-चार्ज म्हणजे एक सर्व्हर, चार मशीन, एक मोडेम आणि मी. साताऱ्याला आमचं कलेक्शन सेंटर होतं. तिथे रक्त घ्यायचे, सॅम्पल एसटीच्या पार्सलनं सांगलीला यायचं. आम्ही तपासायचो आणि संध्याकाळी सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये घालून टेलिफोनच्या तारेवरून साताऱ्याला पाठवायचो. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनवर बोलायला लावणारी डबी. नव्वदच्या दशकात आमच्या भागात हे मोठं अप्रूप होतं. ते दाखवायला पाहुणे आणले जायचे.

आण्णांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही झाली होती. रिपोर्टवर लिहिलं होतं, 'रिपीट सॅम्पल'. म्हणजे पहिल्या चाचणीवरून नक्की सांगता येत नाही, पुन्हा रक्त पाठवा. बाकी काही नाही. पण त्या दोन शब्दांचा डेअरीवर पोचेपर्यंत निकाल झाला होता.

"हाटेलात त्याचा कप येगळा ठेवलाय," आण्णा म्हणाले. "सून माहेरी गेली. पोरगं घराभायेर निगत न्हाई."

वेगळा कप. मी कुंडलची. माझ्या आजोबांचा कप हॉटेलच्या मागच्या भिंतीला खिळ्याला अडकवलेला असायचा. चहा पिऊन तो त्यांनीच विसळायचा. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला, पुढे कपही बदलला, पण ती गोष्ट आमच्या घरात कुणी विसरलं नव्हतं.

"आण्णा, मी शोधून काढते," मी म्हणाले. "आणि असं परत होणार न्हाई."

दुसरं वाक्य मी बोलून तर गेले. ते कसं करायचं, मला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेले. शोध पाच मिनिटांत संपला. सेंटरचा कॉम्प्युटर काउंटरवर, पडद्याचं तोंड पेशंटच्या बाकाकडे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. सगळ्या रिपोर्टांची प्रिंट काढून एका ट्रेमध्ये ठेवलेली. ज्याचा असेल त्यानं घ्यावा.

काउंटर सांभाळणारा महादेव साधा, मनमिळाऊ माणूस. मी विचारल्यावर त्याचे डोळेच भरले.

"वाईट मनानं न्हाई सांगितलं, म्याडम. त्यांच्या भावकीतला एकजण आल्ता. म्हणला, पोराचं काय झालं रं? मला बी काळजी वाटली. म्हणलं, काय तरी गडबड हाय, लक्ष असू द्या."

काळजीनं फुटलेली बातमी. महादेवला काढून टाकून काही साधणार नव्हतं. दुसरा आला असता, तोही काळजीच करणारा निघाला असता.

सांगलीत तरी काय वेगळं होतं? सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळे हक्क देता येतात. कोणी कुठली फाइल बघायची, कोणी बदलायची, हे ठरवता येतं. ते हक्क देणारा सर्वांत वरचा जो पासवर्ड असतो, तोच आमच्याकडे सगळे वापरायचे. टायपिस्टसुद्धा. आणि बापूसाहेबसुद्धा. बापूसाहेब लॅबचे भागीदार. इमारत त्यांची, मशीन त्यांच्या पैशानं आलेली. दुपारी येऊन बसायचे आणि ओळखीच्यांचे रिपोर्ट चाळायचे, पेपर चाळल्यासारखे.

पुण्यात माझी एक कॉलेजातली मैत्रीण सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं एक फ्लॉपी पाठवली. त्यावर फाइल कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम होता.

त्यातली गंमत अशी. नेहमीच्या कुलपाला लावायची आणि उघडायची किल्ली एकच. ती दोघांकडे लागते, म्हणजे वाटेत तिसऱ्याकडे जाते. या प्रोग्रॅममध्ये दोन वेगळ्या गोष्टी तयार होतात. एक उघडं कुलूप आणि एक किल्ली. कुलूप वाटेल त्याला द्या. ते कुणीही दाबून बंद करू शकतो. उघडायचं मात्र एकाच किल्लीनं. ज्यानं बंद केलं, त्यालाही परत उघडता येत नाही.

साताऱ्याच्या सेंटरला डॉ. घोरपडे मॅडम रोज बसायच्या. कमी बोलणाऱ्या, पेशंटचा हात हातात घेऊन बोलणाऱ्या. किल्ली त्यांची करायची ठरवली. ती एका फ्लॉपीवर, आणि वर एक लांबलचक वाक्य टाइप केल्याशिवाय ती चालायची नाही. वाक्य त्यांनी मनाशी ठरवलं. टाइप करताना मी खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत उभी राहिले.

मग कामाची रीत बदलली. महादेवनं रक्ताच्या बाटलीवर नाव न लिहिता फक्त नंबर लिहायचा. सांगलीत आमच्या लॅबचे डॉक्टर, इनामदार सर, या चाचण्यांचे निकाल नंबरापुढे स्वतः टाइप करतील, मॅडमचं कुलूप लावतील आणि कच्चा कागद फाडतील. म्हणजे साताऱ्याच्या काउंटरला नाव माहीत, निकाल नाही. सांगलीला निकाल माहीत, नाव नाही. दोन्ही एकत्र वाचणार फक्त घोरपडे मॅडम, आतल्या खोलीत, पेशंटला समोर बसवून.

सर म्हणाले, "सुनंदा, हे जरा जास्तच होतंय. एक जादाची किल्ली तुझ्याकडे राहू दे. अडीअडचणीला."

"सर, मग मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग "बरं" म्हणाले. सर हुशार डॉक्टर, पण भिडस्त. बापूसाहेबांना त्यांनी कधी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

सर्व्हरचा वरचा पासवर्ड मी काढून घेऊ शकले नाही. बापूसाहेबांना ते चाललं नसतं. तो त्यांच्याकडे राहू दिला.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. आण्णांचा मुलगाही पुन्हा रक्त देऊन गेला. निकाल काय आला, मला कळलं नाही. कळायची सोयच नव्हती.

मग एका दुपारी बापूसाहेब चिठ्ठी घेऊन आले. सर परिषदेसाठी मुंबईला गेलेले.

"सुनंदा, हा नंबर बघ. काय निकाल आहे, सांग."

"कुणाचा आहे, बापूसाहेब?"

"तुला काय करायचंय? आमच्या एका मित्राच्या मुलीचं लग्न ठरतंय. मुलाचं रक्त आपल्याकडे आलंय."

नंबर त्यांना महादेवकडूनच मिळाला होता. मालकाचा फोन आल्यावर तो बिचारा काय करणार? म्हणजे माझ्या दोन भिंतींपैकी एक पडली होती. आता सगळी मदार कुलपावर.

"मला उघडता येत नाही," मी म्हणाले.

"तू बनवलंस आणि तुला उघडता येत नाही? ऊठ."

मी उठले. बापूसाहेब बसले. वरचा पासवर्ड टाकला, फाइल शोधली, उघडली. पडदाभर चौकोन, टिंबं, उलटीसुलटी अक्षरं.

"हे काय कन्नड आहे?"

"नाही."

"कन्नड असतं तर वाचलं असतं मी," ते म्हणाले. त्यांचं आजोळ जतकडचं. मला हसू आलं, पण दाबलं.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी कोल्हापूरहून एक इंजिनिअर बोलावला. चांगला जाणकार होता. फाइल बघताच त्यानं तिचा नाद सोडला आणि सरांच्या मशीनवर खोडलेली मूळ फाइल शोधायला लागला. बरोबर होतं त्याचं. कॉम्प्युटर फाइल खोडतो म्हणजे अनुक्रमणिकेतून फक्त नाव काढतो. मजकूर आत तसाच असतो. पण कुलूप लावल्यावर त्या जागेवर नुसती शून्यं लिहायची, हे मी आधीच करून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला शून्यं सापडली.

जाताना तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, हे कुणी केलं?"

"मी."

"आमच्याकडे येता का?"

बापूसाहेबांनी ते ऐकलं. चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्यासमोरच मुंबईला सरांच्या हॉटेलवर फोन लावला. "इनामदार, या पोरीनं मला माझ्याच लॅबबाहेर काढलंय! आत्ताच्या आत्ता उघडायला सांगा."

सर डगमगले तर माझी नोकरी तर गेलीच, पण उद्यापासून सगळं पहिल्यासारखं.

फोनमधला सरांचा आवाज खोलीभर ऐकू आला. इतका मोकळा आवाज मी त्यांचा पूर्वी ऐकला नव्हता.

"बापूसाहेब, मलाही उघडत नाही हो! काय करणार?"

बापूसाहेबांनी फोन ठेवला. मग इंजिनिअरला म्हणाले, "चला, चहा घेऊ." माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही चल."

चहा पिताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "माझं रक्त तपासलं, तर तेही कुणाला दिसणार नाही?"

"तुमच्या डॉक्टरांशिवाय कुणालाही नाही."

"हं," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

त्या लग्नाचं काय झालं, माहीत नाही. घोरपडे मॅडमनी मुलाला समोर बसवून जे सांगायचं ते सांगितलं असणार. पुढे कुणाला सांगायचं, हे त्यानं ठरवायचं. तसंच व्हायला हवं होतं.

वर्षभरात वाईच्या आणि कराडच्या डॉक्टरांनी स्वतःची कुलपं मागून घेतली. लोक लांबून यायला लागले. नवऱ्याबरोबर बायका यायला लागल्या, एकट्याही यायला लागल्या. महादेव काउंटरवरून सगळ्यांना ठणकावून सांगायचा, "मला इचारू नगा. मला दिसतच न्हाई." सांगताना त्याची छाती फुगायची.

पुढे वीस-बावीस वर्षं मी याच कामात काढली. प्रोग्रॅम बदलले, फ्लॉप्या गेल्या. एक गोष्ट मात्र प्रत्येक ऑफिसात तीच दिसली. भल्या माणसाला समोरच्याला 'नाही' म्हणणं फार जड जातं. 'उघडत नाही' म्हणणं त्याला सहज जमतं. म्हणून कुलूप बसवताना मी चोराचा विचार नंतर करते, भिडस्त माणसाचा आधी.