गुलबासाचं पाणी

सासरी घड्याळ नव्हतं असं न्हाई. होतं, गजराचं. पण कोनाड्यातून पडलं ते पडलंच, आणि दुरुस्तीला केजला नेणार कोण? नवरा कामाला पुण्याकडं. शेतातल्या वस्तीवर आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. तिसरी म्हैस, आणि खरं सांगायचं तर घरची मालकीण तीच.

माहेरून मी गुलबासाचं बी पदराला बांधून आणलं होतं. न्हाणीच्या पाण्यावर ते फोफावलं. आत्याबाईंनी नाक मुरडलं, "फुलं म्हस खाती का तुझी?" मी पण काही कमी नव्हते. म्हटलं, फूल उघडलं की सांजच्या धारेची वेळ झाली समजा. बाईनं पंधरा दिवस परीक्षा घेतली. फूल बघून धार काढायची, किटली घेऊन फाट्यावर जायचं आणि दूध संस्थेच्या टेम्पोवाल्याला त्याच्या मनगटावरची वेळ विचारायची. शेवटी हरल्या. तेव्हापासून रोज सकाळी हाक यायची, "पोरी, घड्याळाला चावी दिली का?" चावी म्हणजे पाणी.

मग तो दुष्काळ पडला. टँकर येईल तेव्हा येईल. भांडी राखेनं घासायची, धोवण निवळून ठेवायचं आणि ते गुलबासाला घालायचं. हा हिस्सा आत्याबाईंनीच ठरवला होता. कारण साधं होतं. घरची कडब्याची गंजी संपली होती. संस्था चारा द्यायची, पण ज्याचं दूध रोज पोचेल त्यालाच. एक खाडा पडला की त्या महिन्याचा चारा गेला. चारा गेला की म्हैस गेली.

अशात पाटोद्याहून नणंद बाळंत झाल्याचा निरोप आला. आत्याबाई निघाल्या. जाता जाता बजावलं, "दोन रोजात येते. चावी दे अन् दूध चुकवू नको." मी हसून म्हटलं, "मी काय कुक्कुलं बाळ हाय का?" लई शहाणी होते ना मी!

त्या दोन दिवसांत टँकर आला न्हाई. म्हैस रिकामं घमेलं चाटत राहिली. चाटून चाटून माझ्याकडं बघायची. मला ते बघवेना. पहिल्या दिवशी गुलबासाचं धोवण तिच्यापुढं ठेवलं, दुसऱ्या दिवशीही. म्हटलं, फूल काय, दोन दिवस कळ काढील.

दुसऱ्या दुपारी आभाळ भरून आलं. पाऊस न्हाई, काही न्हाई, नुसते रिकामे ढग. सावली दिसेना. मी उंबऱ्यात बसून कळ्यांकडं बघत होते. पानं लोळागोळा झालेली, कळ्या मिटलेल्या. मला वाटलं, वेळ व्हायचीय अजून. ज्वारी निवडली, सूप बाजूला ठेवलं, परत बघितलं. मिटलेल्याच. आणि फाट्याकडून टेम्पोचा हॉर्न आला.

चरवी घेऊन धावले, कशीबशी धार काढली, किटली घेऊन अनवाणी पळत सुटले. फाट्यावर नुसता धुरळा होता. मी तिथंच बसून बोंबलून रडले.

पुढच्या वाटपाच्या यादीत आमचं नाव आलं न्हाई. पाटोद्याहून परतलेल्या आत्याबाई संस्थेत जाऊन हातापाया पडल्या. "नियम हाय मावशी," एवढंच उत्तर. आठ दिवस बाभळीच्या शेंगा गोळा करून घातल्या. नवव्या दिवशी चुलतदिरानं म्हैस केजच्या बाजाराला नेली. जाताना ती दोनदा थांबली. मी घरात तोंड लपवून बसले होते, कारण मी आत्याबाईंना खरं सांगितलंच नव्हतं. चावी दिली होती, फूलच उघडलं न्हाई, असं धडधडीत खोटं बोलले होते.

त्या संध्याकाळी आत्याबाई खुरपं घेऊन न्हाणीमागं गेल्या. मी मागोमाग धावले. गुलबास चांगलं फुललं होतं, लालभडक, अगदी वेळेवर. त्या दोन दिवसांनंतर मी त्याचं धोवण एकदाही चुकवलं नव्हतं.

"दगाबाज हाय मेलं," त्या म्हणाल्या आणि बुडाशी खुरपं घातलं.

मी त्यांचा हात धरला. "आत्याबाई, त्याचा दोष न्हाई. मी पाणीच घातलं न्हाई. दोन्ही दिवस म्हशीला दिलं."

त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता खुरपंच मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "पिली का सगळं?"

"पिली."

"ठेवलं न्हाई ना काही घमेल्यात?"

"न्हाई."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. उकरलेली माती हातानं परत बुडाशी दाबली आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसल्या.