दोन कंपन्या, एक पाइप: उल्हासनगर ते बदलापूर

मृणालला तिच्या व्याख्यानाचं मराठी करून हवं होतं, म्हणून मी या प्रवासात आले. ती पुण्यात इंटरनेटच्या जाळ्यावर संशोधन करते, मी कॉलेजात मराठी शिकवते. बदलापुरात केबलवाल्यांचं संमेलन होतं. केबलवाले म्हणजे गल्लीबोळांत इंटरनेट पुरवणारे. स्वतःला ते ऑपरेटर म्हणवतात. त्यांना इंग्रजी निबंध नको होता, आणि त्यांनी ऐकावं असं मृणालला वाटत होतं. मराठी मजकूर हातात आल्यावर ती म्हणाली, "आता तूही चल. गाडी तुझ्याकडे आहे."

शनिवारी उजाडताच निघालो. द्रुतगती मार्गाने खोपोली, मग कर्जत, नेरळ, बदलापूर, आणि न थांबता पुढे उल्हासनगर. पेट्रोल कर्जतला भरून घ्या. पुढे जिथे रस्त्याचं काम चालू होतं तिथे तसं सांगणारा फलक नव्हता. डांबर संपलं की समजायचं.

मृणालचा प्रश्न साधा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांतले ऑपरेटर दोन मोठ्या कंपन्यांकडून एकेक लाइन घेतात. एक तुटली तर दुसरी चालावी, एवढ्यासाठी दुप्पट पैसे भरतात. मृणालचं यंत्र पुण्यात बसून त्या लाइनींना महिनोन्‌महिने हाका मारत होतं. हाकेला उत्तर येणं बंद व्हायचं ते दोन्हीकडून, एकाच वेळी. असं का होतं ते यंत्राला सांगता येत नव्हतं. म्हणून आम्ही संमेलनाच्या एक दिवस आधी निघालो होतो, जागेवर जाऊन बघायला.

उल्हासनगरला कॅम्प तीनच्या गल्ल्यांत गाडी घालू नका. आम्ही ती स्टेशनच्या बाजूला लावली आणि शेअर रिक्षा केली. तिथले ऑपरेटर हरेशभाई यांचं ऑफिस जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खालच्या शिलाई यंत्रांमुळे फरशी सतत थरथरते. ते सिंधी आहेत, पन्नाशीचे. त्यांनी आधी दाल पकवान मागवलं. पकवान कुरकुरीत, डाळ गरम, वर चिंचेचं पाणी. तुम्ही गेलात तर सकाळीच खा, दुपारी संपतं.

"मॅडम, दोन लाइन आहेत माझ्याकडे," ते मृणालला म्हणाले. "जाती है तो दोनों साथ में जाती है. बायको बोलते, नजर लागली. लिंबू लटकवला बघा."

लिंबू खरंच होतं, यंत्रांच्या कपाटाला बांधलेलं.

"घरगुती गिऱ्हाइकांचं चालतं हो," ते पुढे म्हणाले. "सीरियल अर्धा तास नाय दिसली तर शिव्या देतात, बस. माझं टेन्शन हॉस्पिटलचं आहे."

जवळच्या एका छोट्या रुग्णालयात रात्री तज्ज्ञ डॉक्टर नसतो. तो दुसऱ्या शहरात बसून पडद्यावर अतिदक्षता विभागातले रुग्ण बघतो आणि परिचारिकांना सांगतो काय करायचं ते. पडदा चालतो हरेशभाईंच्या लाइनीवर. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी आहेत, बंद पडणार नाही, असा शब्द त्यांनी रुग्णालयाला दिला होता.

दुपारी हरेशभाई स्कूटरवर पुढे, आम्ही गाडीतून मागे. रस्त्याकडेची झाकणं आणि खांब बघत अंबरनाथला आलो. वाटेत शिवमंदिर पाहिलं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गार होतं. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम एका फेरीत बघून होत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवून जा. आमच्याकडे तो नव्हता.

तिथून बदलापूरकडे जाताना जांभूळ गावाच्या अलीकडे एका ओढ्यावर लहान पूल आहे. केबलवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. रस्त्याच्या डाव्या अंगाने एका कंपनीची केबल येत होती, उजव्या अंगाने दुसरीची. पुलापाशी उजवीकडची रस्ता ओलांडून डावीकडे आली आणि कठड्याला ठोकलेल्या एकुलत्या एक लोखंडी पाइपात दोन्ही शिरल्या. पलीकडच्या टोकाला पुन्हा वेगळ्या झाल्या. पाइप गंजलेला होता. कठड्याला एखादा डंपर घासून गेला असता तरी पुरे होतं.

हरेशभाई बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "साला, मी दोघांना भाडं देतो."

मृणालने फोटो काढले. त्यातला एक व्याख्यानात घालायचं ठरलं. खाली माझं मराठी वाक्य: दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी तुटू शकतात.

संध्याकाळी बदलापूरला पोचलो. स्टेशनजवळचं लॉज स्वच्छ होतं, पाणी वेळेवर. सभागृहात खुर्च्या मांडणं चालू होतं. भोईर ऑपरेटरांच्या संघटनेचे अध्यक्ष, इथल्याच शेतकरी घरातले, बोलायला मोकळे. मृणालचा फोटो त्यांनी लॅपटॉपवर दोनदा बघितला.

"ताई, आकडे दाखवा, आलेख दाखवा. पुलाचा फोटो तेवढा राहू द्या."

"का?"

फोटोतल्या एका केबलवरच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. "उद्याचं जेवण या कंपनीकडून आहे."

"आणि दुसऱ्या कंपनीकडून?" मी विचारलं.

"चहा-नाश्ता."

ते हसले नाहीत. मृणालने तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना फोन लावला. ते म्हणाले, मोजणं आपलं काम, बोट दाखवणं नाही. पुढच्या वर्षीही त्याच लोकांकडे मोजायचं आहे. तिने फोन ठेवला आणि व्याख्यानातून फोटो पुसला. वाक्यही पुसलं.

"चांगलं वाक्य होतं," मी म्हणाले.

"वाक्य तुझं आहे. पीएचडी माझी आहे."

आम्ही जेवायला बसलो. मला भोईरांपेक्षा त्या मार्गदर्शकांचा राग आला होता. भोईरांना उद्या दीडशे पानं वाढायची होती. या गृहस्थांना काय वाढायचं होतं?

रविवारी सकाळी दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार. इथे सत्कार भाषणाच्या आधी करतात. शाल खांद्यावर, नारळ हातात, मग बोला. शाल पांघरलेला माणूस यजमानाला काय बोलणार? जेवण देणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाने तासभर नव्या यंत्रांची चित्रं दाखवली. मृणालच्या वाट्याला जेवणाआधीची दहा मिनिटं आली.

तिने आलेख दाखवले. दोन रेषा, दोन्ही एकाच जागी खाली कोसळणाऱ्या. कारणावर ती काही बोलली नाही. लोक घड्याळ बघत होते. शंका आहेत का, असं भोईरांनी उरकण्यासाठी विचारलं तेव्हा हरेशभाई उभे राहिले.

"मॅडम, माझ्या दोन लाइनी एकदम का जातात?"

त्यांनी तो पूल स्वतः पाहिला होता. उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांना ते माइकवरून हवं होतं.

पहिल्या रांगेतून व्यवस्थापक म्हणाले, "पॉवर इश्यू असतो. योगायोग म्हणा."

मृणालने शाल काढून टेबलावर ठेवली. "योगायोग नाही," ती म्हणाली. "दोन्ही लाइनी काल मी जागेवर जाऊन पाहिल्या. जांभूळच्या पुलावर त्या एकाच पाइपात आहेत. तुम्ही दोघांना पैसे देता आणि तुमच्याकडे लाइन एकच आहे."

मागून कोणी म्हणालं, "घ्या." मग भोईर उठले आणि जेवण तयार असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

जेवणात श्रीखंड होतं. पंगतीत पाइपाचा विषय कोणी काढला नाही. पण हात धुवायच्या नळापाशी माणसं एकेकटी मृणालकडे येत होती. माझीही त्याच पाइपात आहे का? हो, ती सांगायची. मग कोणाला बोलू नका, असं म्हणायचे. बदलापुरातला एक तरुण ऑपरेटर तर दोनदा आला. सगळ्यांनी मिळून दोन्ही कंपन्यांना विचारा, असं ती प्रत्येकाला सांगत होती. सगळे मान हलवत आणि रुमालाला हात पुसत निघून जात. हरेशभाई तेवढे चप्पल घालून थेट रुग्णालयात निघाले. "आधी खरं सांगून येतो," म्हणाले.

आम्ही त्याच रस्त्याने परत आलो. नेरळला चहा चांगला मिळतो.

याला आता दोन महिने झाले. संमेलनाच्या छायाचित्रांत मृणालचं एक आहे, शाल पांघरलेलं. मार्गदर्शकांनी हे संशोधन परदेशातल्या ऑपरेटरांपुढे मांडलं. पुलाचा फोटो तिथे दाखवला आणि वाहवा मिळवली. जांभूळचा पूल तिथून सुरक्षित अंतरावर आहे.

हरेशभाईंचा फोन मागच्या आठवड्यात आला. माझ्याकडे लाइन एकच आहे, असं त्यांनी सांगितल्यावर रुग्णालयाने त्यांना काढून दुसरा ऑपरेटर घेतला. त्याने दोन लाइनींची हमी दिली आहे. हा तोच बदलापूरचा तरुण, नळापाशी दोनदा आलेला.

मृणालने स्वतः रुग्णालयाला फोन केला, माझ्यासमोर. पूल, पाइप, दोन्ही केबल, सगळं सावकाश सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या कंपनीतर्फे बोलताय?"