हवेत फिरणारं चाक

रविवारी घाट चढून आलो की चहाच्या टपरीपाशी आम्हा सायकलवाल्यांचा एक खेळ ठरलेला असतो. सायकल उचलायची, पुढचं चाक हाताने जोरात फिरवायचं आणि कुणाचं जास्त वेळ फिरतं ते बघायचं. परवा माझ्या मैत्रिणीने, नंदिनीने, चाकात महागडी परदेशी बेअरिंग बसवून आणली होती. तिचं चाक थोडं फिरून थांबलं. माझ्या जुन्या सायकलचं मात्र चहा संपला तरी फिरतच होतं.

"अगं, फसवलं गं मला दुकानदाराने!" नंदिनी हिरमुसली.

"फसवलं नाही. आत ताजं ग्रीस आहे, म्हणून ते जड फिरतंय. माझ्या चाकातलं ग्रीस केव्हाच संपलंय, अडवायला काही उरलंच नाही."

तरीही महागडी बेअरिंग घेऊ नयेत, हे मी ठासून सांगते. साधी, चांगली घ्यावीत आणि वेळेवर ग्रीस भरावं. तेवढं पुरतं. पण आपल्याला भुरळ पडते ती हवेत फिरणाऱ्या चाकाची. माणसंही आपण अशीच पसंत करतो, अंगावर काही भार नसताना किती हलकी, किती मोकळी वाटतात ते बघून.

मग आम्ही उताराला लागलो. नंदिनी पुढे निघाली, तिच्या चाकाचा आवाजसुद्धा येत नव्हता. मागून माझं जिंकलेलं चाक सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं करकरत येत होतं.